पुढील आदेशापर्यंत

खैरढव, इस्लापूरजवळ
१९ ऑगस्ट २०२४

उद्धवकाका आणि प्रेमलाकाकू,

दोघांना नमस्कार. काकांच्या कानांना मात्र नमस्कार नाही, कारण त्यांच्यामुळेच मला कागद-पेन घेऊन बसावं लागतंय. तुम्ही फोनवर "काय? काय?" करत राहता आणि मला इथे रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. त्यापेक्षा पत्र बरं. नांदेडला आई म्हणाली, काकांना पत्र आलं की ते पुन्हा ऑफिसात असल्यासारखे खूश होतात.

मी रुजू झाले. दोन खोल्या, दोन शिक्षक. मुख्याध्यापक शिवकुमार गुरुजी उदगीरकडचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला "वरून आलं की बघू" म्हणतात. माझ्याकडे तिसरी ते पाचवी एकत्र, बावीस मुलं. मी राहते धुरपताबाईंच्या घरात. शाळेची खिचडी त्याच शिजवतात, रात्री मलाही जेवायला घालतात.

काका, तुम्ही आयुष्यभर शाळा तपासल्या, पण अशी शिस्त पाहिली नसेल. हाताची घडी म्हटलं की बावीस घड्या. परवा मी "पाऊस हा शब्द लिहा" म्हटलं आणि गुरुजींनी बोलावलं म्हणून शेजारच्या खोलीत गेले. अर्ध्या तासाने आले तर सगळे "पाऊस पाऊस पाऊस" लिहीतच होते. आनंदराज नावाच्या मुलाच्या पेनातली शाई संपली होती, तरी तो कोरडं पेन ओळीवरून फिरवत होता. मी थांबा म्हटलं नव्हतं ना. आधी हसू आलं, मग आलं नाही.

आणखी एक गंमत सांगते. हजेरीपत्रकात सतरा नंबरची ओळ कोरी आहे. मी सोळा म्हणते, मुलगा हजर म्हणतो, आणि मी अठरा म्हणायच्या आत सगळा वर्ग खिडकीकडे मान वळवतो आणि एका सुरात म्हणतो, "भाहेर हाय, बाई." बाहेर एक झाड आहे. तिथे कुणी नसतं. ही कुठली पद्धत? तुम्ही कुठे पाहिली होती का?

तुमची उर्वी

---

लातूर
२ सप्टेंबर २०२४

चि. उर्वी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा काकूने मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा शेजाऱ्यांनाही कळलं की तू रुजू झालीस.

सूचना लिहून घे. पाणी उकळून पी. खोलीला आतून कडी आहे का ते बघ. पगार सुरू होईपर्यंत बँकेत रोज जाऊ नकोस, त्याने काही होत नाही. सेवापुस्तकाची एक प्रत स्वतःकडे ठेव. शिस्तीची टिंगल करू नकोस. मी ज्या शाळेच्या दारात उभा राहायचो तिथे टाचणी पडली तर ऐकू यायची, आणि तेव्हा माझे कानही शाबूत होते. खेड्यातल्या मुलाला सरकार आधी बसायला शिकवतं, विचार करायला तो पुढे शिकतोच. तू शिकलीस ना?

पहिल्या वर्षी शाळेतल्या कुठल्याही जुन्या गोष्टीला हात लावायचा नसतो. आपण नवीन, गोष्टी जुन्या. काकू शेंगदाण्याची चटणी पाठवते आहे.

तुझा काका

---

खैरढव
३० सप्टेंबर २०२४

काका,

चटणी पोचली आणि संपली. तुम्ही पाण्याचं लिहिलंत, कडीचं लिहिलंत, सेवापुस्तकाचं लिहिलंत. सतरा नंबरचं एक अक्षर नाही. तुम्ही प्रश्न सोडून उत्तरपत्रिका भरता असं काकू म्हणते, ते खरं आहे.

म्हणून मीच शोधलं. लोखंडी कपाटात जुनं शेरेबुक सापडलं, तपासणीला आलेले साहेब शेरे लिहितात तीच वही. त्यात २४ मार्च २००३ चा शेरा आहे, जसाच्या तसा उतरवते: "इयत्ता पाचवी, अ. क्र. १७ हिला उद्धट वर्तनाबद्दल वर्गाबाहेर उभे करण्यात आले आहे. पुढील आदेशापर्यंत बाहेरच राहील." खाली सही, नुसता वेटोळा, वाचता येत नाही. आणि त्याखाली दर जूनला, बदलत्या मुख्याध्यापकांच्या अक्षरात एकच ओळ: "अनुपालन चालू आहे." बावीस वेळा. शेवटच्या ओळीवर शिवकुमार गुरुजींची सही आहे. विचारलं तर म्हणाले, "म्याडम, रद्द झाल्याचं पत्र आलेलं न्हाई, मग मी काय करू?"

धुरपताबाईंनी सगळं सांगितलं. ती मुलगी महादेवी. बाप ईश्वरप्पा, निलंग्याकडून येऊन इथे किराणा दुकान टाकलेला. साहेब तपासणीला आले आणि त्यांनी विचारलं, सूर्य कुठे उगवतो? वर्ग म्हणाला, पूर्वेला. ही उठून म्हणाली, रोज पूर्वेला नाही उगवत, थंडीत टेकडीच्या उजव्या टोकाला उगवतो आणि उन्हाळ्यात डाव्या, मी रोज बघते. साहेब म्हणाले, पुस्तकात काय लिहिलंय? ती म्हणाली, पुस्तक लिहिणारा आमच्या गावात आलाय का? पोरं हसली.

काका, ती बरोबर होती. मी स्वतः महिनाभर बघते आहे, सूर्य टेकडीवर उजवीकडे सरकतोय.

साहेबांनी तिला बाहेर झाडाखाली उभं केलं, "मी सांगेपर्यंत हलायचं नाही" म्हणाले, आणि जेवून जीपने निघून गेले. तेव्हाचे गुरुजी तिला आत घेईनात, कारण साहेबांनी सांगितलेलं. संध्याकाळी बाप घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्यानेच आणून उभी केली. तिसऱ्या दिवशीही. धुरपताबाई म्हणतात, "लई ऊन व्हतं. आमी समदे बघत व्हतो. साहेबाचा हुकूम मोडून कोन पाप घेनार?" तिसऱ्या दिवशी दुपारी पडली ती उठलीच नाही. ईश्वरप्पा दुकान विकून गेला. हुकूम राहिला. मोठी मुलं लहानांना शिकवतात, सतरा नंबर बाहेर आहे. कोण, कशाला, हे एकाही मुलाला माहीत नाही आणि एकानेही विचारलेलं नाही.

तुम्ही त्या वर्षांत नांदेड जिल्ह्यात विस्तार अधिकारी होता. हा वेटोळा कुणाचा असेल?

उर्वी

---

लातूर
१४ ऑक्टोबर २०२४

चि. उर्वी,

मी भोकर आणि मुदखेडकडे होतो. किनवट भागात माझं कधी जाणं झालं नाही. त्या काळात अधिकारी पुष्कळ होते आणि सगळ्यांच्या सह्या वेटोळ्याच होत्या.

स्वयंपाकीण सांगते ते इतिहास नव्हे. मुलांना ताप येतो, मुलं जातात, तो काळच तसा होता. शेरेबुक कपाटात ठेव आणि किल्ली गुरुजींना दे. तुझी नोकरी कायम व्हायची आहे. मुलांना एका मोहाच्या झाडाकडे मान वळवायची सवय असेल तर वळवू दे. त्या दगडावर आज कुणी उभं नाही, मग तुला त्रास काय?

दिवाळीला ये. काकू वाट पाहते आहे.

काका

---

खैरढव
१० फेब्रुवारी २०२५

काका,

मी दिवाळीला आले नाही आणि चार महिने लिहिलं नाही. मी तुम्हांला फक्त "एक झाड" लिहिलं होतं. ते मोहाचं आहे आणि त्याच्या बुंध्याशी दगड आहे, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. मागची दोन्ही पत्रं आठवून आठवून पाहिली. खूप राग आला, रडूही आलं. माझ्या पहिलीच्या पाटीवर अक्षर गिरवून देणारा हात तोच, हे पचत नव्हतं.

आजही लिहिलं नसतं, पण आता प्रश्न माझा किंवा तुमचा नाही.

जानेवारीत एक नवीन मुलगी आली, अंजू. बाप टेम्पो चालवतो, बोधडीहून इकडे राहायला आले. पाचवीत. काका, ती पोरगी म्हणजे नुसते प्रश्न. सहस्रकुंडच्या धबधब्याचं पाणी रात्री बंद करतात का? नकाशात आपलं गाव नाही तर आपण कुठे राहून राहिलो? मला इतका आनंद झाला की मी एक चूक केली. हजेरीपत्रकातली ती कोरी ओळ मी तिच्या नावाने भरली. वाटलं, सतरा नंबरला जिवंत मुलगी आली की तो प्रकार आपोआप थांबेल.

दुसऱ्या दिवशी मी सोळा म्हटलं, मग सतरा, अंजू. अंजू हजर म्हणायच्या आत वर्ग खिडकीकडे वळला आणि म्हणाला, "भाहेर हाय, बाई." अंजू हसली. तिसऱ्या दिवशी हसली नाही. पाचव्या दिवशी ती हजेरीच्या वेळी उठली, दप्तर बाकावर ठेवलं आणि जाऊन दगडावर उभी राहिली. कुणी तिला हात लावला नाही, कुणी दमही दिला नाही.

मी हाताला धरून आत आणते. ती बसते. मी फळ्याकडे वळले की पुन्हा बाहेर. नंबर बदलून चोवीस केला, मुलं तिला सतराच म्हणतात. आईवडिलांना बोलावलं तर बाप म्हणतो, "शाळेचा नियम हाय तर पाळू द्या की बाई. पोरगी लई बडबडी व्हती, आता सुधारली." मी वर्गासमोर तो शेरा लाल पेनाने खोडला. आनंदराज अगदी नम्रपणे उठला आणि म्हणाला, "बाई, तुमची सही साहेबापेक्षा मोठी हाय का?"

ती आता काहीच विचारत नाही. उभी असते आणि बघत असते, आणि मला कधीकधी वाटतं की तिच्याबरोबर आणखी कुणीतरी बघतंय. मोहाची पानं झडायला लागली आहेत. मार्चमध्ये तिथे सावलीचा एक तुकडाही नसेल. सकाळची शाळा सुरू करायचा आदेश इथे कधीच वेळेवर येत नाही म्हणतात.

ज्याने लिहिलं त्यानेच पुसायला हवं, एवढंच इथल्या पोरांना कळतं. काका, तुम्ही या. मी तुम्हांला काही विचारणार नाही.

उर्वी

---

लातूर
३ मार्च २०२५

उर्वी,

हो. सही माझी आहे.

"मी वाईट माणूस नव्हतो" असं एक वाक्य लिहिलं होतं, ते खोडलं. तुला कागदाच्या मागून दिसेल.

पोरं हसली, तेवढंच झालं. पंचवीस वर्षं नोकरीत माझ्यासमोर कुणी हसलं नव्हतं. मला ती पोर बरोबर आहे की चूक हे ठाऊकच नव्हतं, मी सूर्योदयाकडे कधी पाहिलेलं नव्हतं. उत्तर पुस्तकात होतं. मी तिला बाहेर काढलं, गुरुजींकडे जेवलो. श्रीखंड होतं. जीप इस्लापूरला चहाला थांबली तेव्हा मला तिची आठवण झाली. मी विसरलो नव्हतो, हे तुला सांगायला हवं. मला वाटलं, आपण गेल्यावर गुरुजी घेतील आत. मी बरा माणूस समजून चाललो होतो त्यांना. ते मला साहेब समजून चालले होते.

आठवड्याने अहवाल आला. "मयत, ताप." मी त्यावर "पाहिले" असं लिहून सही केली. तोच वेटोळा.

तुझं पत्र आल्यावर मी नांदेडला एका कार्यालयात जाऊन आलो. तिथला मुलगा चांगला होता, कानाशी येऊन बोलला. म्हणाला, अशा आदेशाची नोंद इकडे नाही, आणि नोंद नसलेला आदेश रद्द करता येत नाही. शिवाय निवृत्त माणसाची सही चालत नाही. मी त्याला म्हटलं, बावीस वर्षं चालली आहे.

मी रविवारी, २३ तारखेला येतो. त्याआधी डोळ्याचं ऑपरेशन आहे. २००३ चे आणि या वर्षाचे तारीख-वार सगळे जुळतात, दिनदर्शिका काढून पाहिलं. सोमवारी २४ आहे. तोवर त्या मुलीला छत्री दे.

उद्धव

---

खैरढव
२६ मार्च २०२५

काकू,

हे पत्र मी इस्लापूरहून जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती देते आहे, तो नांदेडला लातूरच्या गाडीत पोचवेल. टाकीवर चढून तुम्हांला काल चार आणि आज सहा वेळा फोन लावला. वाजतो, तुम्ही उचलत नाही. काका इथे कशासाठी आले ते त्यांनी तुम्हांला सांगितलं असेल असं धरून लिहिते.

सोमवारी ते सफारी घालून शाळेत आले. अंजू दगडावर होती, मी दिलेली छत्री मिटून हातात धरलेली. शिवकुमार गुरुजींनी हात जोडून खुर्ची दिली, शेरेबुक दिलं. काकांनी लिहिलं, "दि. २४.०३.२००३ चा शेरा रद्द." सही केली. मुलांनी जुनी सही आणि नवी सही शेजारी ठेवून पाहिली आणि माना डोलावल्या. मग काका दारात उभे राहिले आणि हाक मारली, "महादेवी, आत ये. अंजू, तूही ये बाळा."

अंजू आली. काकू, पहिल्या बाकावरची मुलं सरकली. त्यांनी दोघींना पुरेल इतकी जागा केली.

मी त्याच वेळी रडायला लागले, मला वाटलं संपलं. तेवढ्यात आनंदराज उठला. "साहेब, मग आता भाहेर कोन?" काकांना ऐकू गेलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मीच त्यांच्या कानाशी जाऊन तो प्रश्न मोठ्याने सांगितला. का सांगितला ते मला कळत नाही. मी शिक्षिका आहे, मुलाने प्रश्न विचारला होता. अंजू सोडली तर या वर्गात उत्तर हवं म्हणून मुलाने विचारलेला पहिला प्रश्न.

काका म्हणाले, "कुणी नाही." बावीस मुलं उभी राहिली. रागाने नव्हे, नुसती उभी राहिली आणि त्यांच्याकडे बघत राहिली, पुढचं वाक्य यायचं राहिलंय असं समजून. अंजूही उठली आणि दाराकडे निघाली. तेव्हा काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला बसवलं, म्हणाले, "बसा मुलांनो, मी आहे," आणि जाऊन दगडावर उभे राहिले. मुलं बसली.

आज तिसरा दिवस. शाळा सुटली की माझ्याबरोबर घरी येतात, दोन घास खातात, सकाळी माझ्या आधी निघतात. पाणी दिलं तर पितात. छत्री घेत नाहीत. पहिल्या दिवशी मी भांडले, काल पाया पडले. "काका, आत चला" म्हटलं की म्हणतात, "कुणी सांगितलं?" कधी ऐकूच आलं नाही असं दाखवतात, कधी खरंच येत नसेल. गुरुजी म्हणतात, "एवढ्या मोठ्या साहेबाला आपन कसं बोलवायचं म्याडम? वरून आलं की बघू."

अंजू वाचली, ती आत बसते. हाताची घडी घालून.

आज दुपारी काकांचा तोल गेला. त्यांनी बुंधा धरला. सगळ्या वर्गाने खिडकीतून पाहिलं आणि कुणी उठलं नाही. मी फळ्यावर भागाकार घातला होता. काकू, मी तो भागाकार पुरा केला आणि मगच बाहेर गेले. हे तुम्हांला सांगितलंच पाहिजे, कारण मला आता माझीही खात्री वाटत नाही.

ओठ फुटलेत, बोलणं तुटक झालंय. तुम्ही या. तुमचं नाव कुठल्या वहीत नाही, तुम्हांला कुणाची परवानगी लागत नाही. नुसतं हाताला धरून घेऊन जा.

उर्वी

---

लातूर
२८ मार्च २०२५

चि. उर्वी,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. ते गेले कशाला हे मला माहीत नव्हतं. तुझं पहिलं पत्र मीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, पण त्यानंतरची त्यांनी मला दिली नाहीत, मीही मागितली नाहीत. वाचून जीव थाऱ्यावर नाही. रात्रभर देवासमोर बसले होते.

फोन वाजत होता. तुझं नावही दिसत होतं. पण निघताना ते म्हणाले होते, "मी कळवेपर्यंत कुणाचा फोन घ्यायचा नाही आणि घर सोडायचं नाही." चव्वेचाळीस वर्षांत मी त्यांचं सांगणं मोडलेलं नाही. एकतीस वर्षं मी शाळेत शिकवलं, तिथेही मोडलं नाही, म्हणून तर मला कधी मेमो आला नाही. काल औशाहून आपली लेक अपूर्वा भेटायला आली, तिलाही मी दारातूनच परत पाठवलं.

माझी बॅग भरून दाराशी ठेवली आहे. त्यांचे सुती सदरे घेतलेत, थर्मासमध्ये पन्हं भरायचं आहे, ते ऐनवेळी भरीन. ओठांना लावायला लोणी घेतलंय. मी साडी बदलून, चपला घालून बसले आहे. नांदेडची गाडी सकाळी साडेसातला आहे, नंतर साडेनऊला.

त्यांना जपून, कानाशी जाऊन विचार, मी यायचं का. काय म्हणतात ते लगेच कळव.

तुझी काकू